मोराखालची फरशी

निजामाच्या काळातल्या नक्षीदार फरशीवर मी ऑइलपेंटनं मोर काढला होता. चोरून नाही, लपून नाही. चांगलं भरदिवसा, पदर खोचून, गुडघ्यांवर बसून काढला आणि बाजूला उभ्या राहून बायका "वा, काय हात आहे!" म्हणत होत्या. त्यांच्यातल्या एकीनंही माझा हात धरला नाही. तेव्हाची मी आज समोर आली तर मीच तिच्या हातावर पट्टी मारीन. पण ती येत नाही, आणि मोर जात नाही.

मोर असं मी एकटीच म्हणायची. बाकी सगळ्यांनी पहिल्या दिवसापासून त्याला कोंबडी म्हटलं.

ही फरशी आमच्या महिला मंडळाच्या दिवाणखान्यात आहे. मंडळाची जागा म्हणजे निजामाच्या कुण्या अधिकाऱ्यानं बांधलेला बैठा बंगला. पुढं एका कुटुंबानं तो मंडळाला देऊन टाकला. बाकीच्या खोल्या बेताच्या, पण दिवाणखाना असा ऐसपैस, की हळदीकुंकवाला रांगाच्या रांगा बसल्या तरी मधून तबक घेऊन फिरता येतं. खाली ही फरशी. सिमेंटचीच, पण एकेक फरशी साच्यात रंग ओतून, दाबून केलेली. विटकरी, पिवळट, काळा आणि एक करडा निळा. कडेनं वेल फिरलेली. आणि मधोमध पुष्कळ फरश्या जुळवून केलेलं घोंगडीएवढं एक फूल. रंगाचा थर वरवरचा, नखाच्या जाडीचा. खाली सगळं साधं सिमेंट. हे मला आता माहीत आहे. तेव्हा मला एवढंच माहीत होतं की जमीन असते आणि ती सारवायची असते.

माझं माहेर गंगापूरच्या पलीकडचं. आमच्या घरी जमीन दर आठवड्याला शेणानं सारवून नवी व्हायची. जमीन म्हणजे जिच्यावर बाईनं हात फिरवायचा, बोटांच्या रेषा उठवायच्या, कडेला चार ठिपके द्यायचे. आपण यायच्या आधीच कुणी ती नटवून ठेवली असेल आणि आता तिला आपल्या हाताची गरज नसेल, हे माझ्या डोक्यात कुठून शिरणार? लग्न होऊन शहरात, उस्मानपुऱ्यात आले, शेजारणीचा हात धरून मंडळात गेले, ती फरशी पाहिली आणि मला वाटलं, छान आहे, पण काहीतरी राहून गेलंय.

मग दिवाळीत रांगोळीची स्पर्धा झाली. मी त्या फुलावरच मोराची रांगोळी काढली आणि पहिला नंबर आला. स्टीलचा डबा मिळाला. तेव्हाच्या अध्यक्षीणबाई बोलता बोलता म्हणून गेल्या, "इतकी छान रांगोळी, पुसायची म्हणजे जिवावर येतं." बाई सहज बोलल्या होत्या. मी तो सरकारी हुकूम समजले. घरी खिडकीच्या गजांना लावून उरलेला हिरवा रंग होता, फाटकाचा निळा होता. दुसऱ्या दिवशी दोन्ही डबे घेऊन हजर. पोरीच्या कानाला कायमचं भोक पाडावं तसा मी तो मोर कायमचा केला.

त्यात अक्कल अशी, की सुरुवात केली पिसाऱ्यापासून. पिसारा रंगवता रंगवता मी इतकी रमले, की मानेपर्यंत येईस्तोवर जागा संपली. उरल्या जागेत आखूड मान, फुगीर पोट आणि चोच बसवली. आमचे हे संध्याकाळी न्यायला आले. बराच वेळ कंबरेवर हात ठेवून बघत राहिले.

"पिसारा मोराचा आहे," ते म्हणाले. "पण तो लावलाय कुणाला?"

तेव्हापासून कोंबडी. पुढं पुढं तर पत्ता सांगावा तसं झालं. "कोंबडीच्या डाव्या हाताला बसा गं." "माझी पर्स कोंबडीवर राहिली." मंडळाच्या बालवाडीतली पोरं तिच्याभोवती गोल धरून बसायची. त्यातल्या एका चिमुरडीनं मला विचारलं होतं, "मावशी, ही अंडं कुठं देती?" मी तिला म्हटलं, "स्टीलच्या डब्यात." पोरगी खरोखर डबा शोधायला गेली.

सुरुवातीची काही वर्षं मी मोठ्या मिजाशीत होते. नंतर वय वाढलं तसा मोर बघवेना. आधी त्याची मान खुपायला लागली, मग पिसारा, मग ते निळं-हिरवं सगळंच. आणि एका दुपारी, मंडळात कुणी नसताना, त्याच्याकडे बघत बसले असता मला वेगळंच काही सुचलं. याच्याखालचं फूल नेमकं कसं होतं? पाकळ्या टोकदार होत्या का गोल? मधे काय होतं? मला आठवेना. किती डोकं खाजवलं, आठवेना. फोटो म्हणावा तर त्या खोलीचे सगळे फोटो मोर काढल्यानंतरचे, सगळ्यांत बायका आणि त्यांच्या पायाशी कोंबडी. ज्यांनी फूल पाहिलं होतं त्या बाया एकेक करून गेल्या. फूल पाहिलेली मंडळात मी एकटी उरले, आणि मलाच ते आठवत नव्हतं. म्हणजे मी ते झाकलंही आणि विसरलेही. तेव्हापासून डोक्यात एकच. डोळे मिटायच्या आधी ते फूल एकदा बघायचं.

अडचण अशी, की तोवर फरशीच धड राहिली नव्हती. मोराभोवतीच्या फरश्यांवर पांढरा खार फुटायला लागला होता. झाडला की दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. रंगाचे पापुद्रे निघत होते. चालताना काही ठिकाणी पायाखाली टकटक पोकळ वाजायचं. मधे कुणीतरी गवंड्याला बोलावून फुटक्या जागी नुसतं सिमेंट थापलं होतं, ते भाजलेल्या पोळीवरच्या डागासारखं दिसायचं.

आत्ताच्या अध्यक्षीणबाई माझ्या सुनेच्या वयाच्या. कामाला वाघीण, पण जुनं काही दिसलं की त्यांच्या अंगावर काटा येतो. त्यांनी फरशीवाल्याला बोलावलं. तो नमुने घेऊन आला आणि बाईंनी त्यातली एक चकचकीत फरशी उचलून माझ्यासमोर धरली.

"काकू, बघा. मुलाच्या बजाजनगरच्या फ्लॅटमध्ये हीच टाकलीय. तोंड दिसतं खाली!"

"तोंड बघायला मंडळात यायचं का?" मी म्हटलं. "घरी आरसे संपले?"

"तुम्हाला सगळ्यात खोड काढायची असते."

"खोड नाय काढत, बाई. फरशीवर फरशी टाकली तर खालचं कायमचं गेलं."

"खालचं गेलेलंच आहे, काकू. आणि निम्मं तुमच्या कोंबडीनं घालवलंय."

घरी येऊन यांच्यावर चिडले. ते शांतपणे म्हणाले, "बाई खोटं कुठं बोलली?" त्या रात्री मी भाजीत मीठ घातलं नाही. मुद्दाम.

अशात मंडळात एका मुलीचं डोहाळजेवण झालं. सगळ्या बायका त्या नटलेल्या पोटुशीकडे बघत होत्या आणि पाहुण्यांतली एक पोरगी खाली बघत होती. ती उकिडवी बसली, नखानं खार खरवडला, बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान लावला. मला वाटलं, हिचं कानातलं पडलं. जवळ गेले तर म्हणाली, "आजी, ही फरशी कुणी धुते? कुठल्या पाण्यानं?" आर्किटेक्ट निघाली. जुन्या इमारती दुरुस्त करायचं शिकून आलेली. मी तिचा हात असा धरला, की तिला जेवायलासुद्धा सोडलं नाही.

अध्यक्षीणबाईंनी नाइलाजानं मुदत दिली. "संक्रांतीच्या हळदीकुंकवापर्यंत दिवाणखाना बसण्यासारखा झाला तर ठीक. नाही तर मी फरशीवर फरशी टाकून मोकळी."

मला वाटलं, झालं काम. आता ही पोरगी येणार, मोर खरवडणार, फूल दिसणार. तिनं मोराला हातसुद्धा लावला नाही.

आधी किती तरी दिवस ती नुसती फरश्यांवर लाकडी मूठ वाजवत फिरली. एकेक फरशी. भरीव वाजली की पुढं, पोकळ वाजली की खडूची खूण. मग तिनं सांगितलं की सगळा घोळ पाण्याचा आहे. आमच्या शहरात नळाला पाणी कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही, म्हणून मंडळात बोअर. बोअरचं पाणी एवढं क्षाराचं, की त्यात डाळ शिजत नाही. त्याच पाण्यानं आम्ही इतकी वर्षं फरशी पुसली. खार आत मुरला. आणि मोराखाली ऑइलपेंट असल्यामुळं तिथून ओल वर येऊ शकत नव्हती, ती आजूबाजूनं वर यायची आणि येताना खार घेऊन यायची.

"म्हणजे मोर काढला की ओल मोकळी," मी म्हटलं.

"हो, पण आधी खार काढायचा. मोराचं नंतर बघू."

खार काढायची तिची तऱ्हा अशी. कागदाचा लगदा करायचा, तो बॅटरीत घालतात त्या बिनक्षाराच्या पाण्यात भिजवायचा आणि फरशीवर थापायचा. वाळता वाळता तो खार शोषून घेतो. मग काढायचा, नवा थापायचा. पुन्हा वाळू द्यायचा. पुन्हा. दिवाणखानाभर राखाडी गोळे. भिशीला आलेल्या बायका दारात थबकायच्या.

"हे काय, सांडगे वाळत घातलेत का?"

"पाय कुठं ठेवायचा गं?"

"कोंबडीवर ठेव. तेवढीच जागा कोरडी आहे."

पोरगी हसायची आणि थापत राहायची. माझा जीव वरखाली. मी रोज जायची, खुर्ची टाकून बसायची आणि रोज विचारायची, "आज मोर?" रोज तिचं उत्तर, "आज नाही, आजी."

पोकळ फरश्या तिनं एकेक उचलल्या, पाठ साफ केली आणि खाली चुन्याचा माल घालून पुन्हा बसवल्या. पार भुगा झालेल्यांच्या जागी लावायला तिनं कोठीतल्या लोखंडी कपाटाखालच्या फरश्या काढल्या, त्या कुणाच्या पायाखाली न गेल्यानं शाबूत होत्या. त्यावरून अध्यक्षीणबाई भडकल्या. "कपाटाखालची फरशी काढून पुढं लावायची? मग कपाट काय मातीवर?" तिनं तिथं साधी शहाबादी टाकून दिली. बाईंचं समाधान झालं नाही. कपाटाला कमीपणा आला असं त्यांना मनापासून वाटत होतं.

संक्रांत जवळ आली. कडा बऱ्या दिसायला लागल्या होत्या, वेल पुन्हा सलग फिरत होती. मधे मात्र मोर तसाच. मी एक दिवस तिला थेट विचारलं, "तू मोर काढणार का नाहीस?"

तिनं हातातलं काम थांबवलं. "आजी, खरं सांगू? मला तो काढायचा नाही. रंग काढताना खालचा थर जाऊ शकतो. आणि मी इथल्या बायकांशी बोलले. सगळ्यांना तो हवाय. आता तोही या फरशीचाच भाग आहे."

"कोण म्हणतं? मी काढलाय तो. मला माहीत आहे तो भाग आहे का डाग आहे!"

"तुम्ही काढलात म्हणून तो फक्त तुमचा होत नाही."

एवढीशी पोर! मी तरातरा रिक्षा करून घरी आले. यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "तू कधी कुणाला तुझं काही पुसू दिलंस? आता दुसऱ्यानं पुसलं नाही म्हणून रडतेस." माणसानं म्हाताऱ्या बायकोची बाजू घ्यावी अशी काही पद्धतच आमच्या घरात नाही.

इथं शहाण्या बाईनं गप्प बसायला हवं होतं. मी रंगाच्या दुकानात गेले. दुकानदार ओळखीचा.

"खाला, थिनर कायको होना? दरवाजा रंगा रहे क्या?"

"नक्को पूछो, बाबा," मी म्हटलं, "दे दो बस."

मंडळाची एक किल्ली जुनी कार्यकर्ती म्हणून माझ्याकडे असते. दुपारी ती पोरगी जेवायला गेलेली, सगळं सामसूम. मी पिशवीतून थिनर काढलं, जुन्या धोतराचा बोळा काढला, पदर खोचला आणि गुडघ्यांवर बसले. तशीच, त्याच जागी. फरक एवढाच, की तेव्हा बसताना गुडघे वाजले नव्हते.

पिसाऱ्याच्या टोकाला बोळा लावला. घासला. बोळ्यावर हिरवा रंग आला! मला इतका आनंद झाला, की एकटीच हसले. आणखी थिनर ओतलं, जोरात घासलं. हिरव्याखालून पिवळं डोकावलं. टोक! पाकळीला टोक होतं! मी पुढं वाकले, तेवढ्यात दिसलं की सुटलेला हिरवा रंग पातळ होऊन पसरतोय. माझ्या बोळ्याखालून निघून तो शेजारच्या पिवळ्यात चाललाय. मी पुसायला गेले तर तो आणखी पुढं गेला. थिनर उडून गेलं आणि हिरवं फरशीतच मुरून बसलं. वरून लावलेला रंग निदान वर तरी होता. आता मी तो आत घातला होता.

पळून जावं म्हटलं तर उठता येईना. गुडघे अडकले. एका हातात बोळा, दुसरा हात जमिनीवर, खोलीभर थिनरचा वास, आणि अशा ध्यानात मी बसलेली असताना अध्यक्षीणबाई दारात.

"काकू!"

"आधी मला उठवा. मग काय बोलायचं ते बोला."

त्यांनी मला उठवलं, खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. मग बोलल्या. काय काय बोलल्या ते लिहीत नाही, कारण त्यातलं सगळं खरं होतं. पोरगी आली. तिनं आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं. तिनं खिडक्या उघडल्या, गुडघ्यांवर बसली, डागाकडे बघितलं आणि हात पुढं केला. "बाटली दाखवा." बाटलीवरचं वाचलं. मग पांढरी माती कसल्याशा द्रवात कालवून त्या डागावर थापली, वरून प्लास्टिक लावलं, कडा चिकटपट्टीनं बंद केल्या. रंग पुन्हा वर ओढून घ्यायचा होता. "थोडा निघेल," ती म्हणाली. "सगळा नाही." मान वर करून माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

अध्यक्षीणबाईंनी दुसऱ्याच दिवशी सभा लावली. सगळ्या सतरंजीवर कोंबडीभोवती बसल्या, कारण दुसरीकडे लगदा होता. बाई उभ्या राहिल्या.

"झालं ते झालं. पण आता मी थांबणार नाही. एका बाजूला खार, एका बाजूला डाग. संक्रांत तोंडावर. नवीन फरशी टाकून घेऊ. कुणाची हरकत?"

मी बोलायला उठले. वेलीबद्दल बोलले, त्या करड्या निळ्या रंगाबद्दल बोलले, आता असं कुणी करत नाही म्हणाले. त्या पोरीनं किती कष्ट घेतले ते सांगितलं. बायका ऐकत होत्या, म्हणजे एकमेकींच्या बांगड्या बघत होत्या. माझ्या शेजारी बसलेलीनं तर जांभई दिली. मला कळलं की फरशी गेली. आणि ती माझ्या बोळ्यानं गेली.

तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, "नवीन टाकल्यावर कोंबडी कुठं जाणार?"

"कुठं जाणार म्हणजे? खाली जाणार," अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

"झाकणार कोंबडी?"

"मग काय नव्या फरशीला खिडकी ठेवू?"

आणि सभा पेटली. आत्तापर्यंत बांगड्या बघणाऱ्या बायका एकदम बोलायला लागल्या. "माझ्या पोरीचं बारसं तिथंच झालं, कोंबडीवरच पाळणा होता." "आमच्या सासूबाई जाईस्तोवर विचारायच्या, कोंबडी आहे का गं अजून?" "लई वर्षांची आहे ती. ती काय कुणाच्या घरची फरशी व्हय?" एक तर उठून उभी राहिली आणि अध्यक्षीणबाईंना म्हणाली, "वहिनी, तोंड दिसणारी फरशी तुमच्याच घरी ऱ्हाऊ द्या. इथं कोंबडी पाहिजे." ती बालवाडीत कोंबडीभोवती बसणाऱ्या पोरांपैकीच एक. आता तिला नात आहे.

मी आ वासून बघत होते. माझ्या तोंडून फुलाचं, वेलीचं, इतक्या जुन्या कामाचं ऐकून एक हात हलला नव्हता. आणि त्या बेढब, आखूड मानेच्या, गजांच्या उरलेल्या रंगातल्या पाखरासाठी बायका भांडायला उठल्या होत्या! मला त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं, अगं बायांनो, ते वाईट काढलंय, मीच काढलंय, मला विचारा! पण ओरडले असते तर फरशी गेली असती.

अध्यक्षीणबाई हुशार. वारं कुठलं आहे ते त्यांनी ओळखलं. "बरं," त्या म्हणाल्या. "नवीन नको. जुनीच दुरुस्त होऊ दे. पण मग अट एकच. कोंबडीला कुणी हात लावायचा नाही. कुणीही." हे म्हणताना त्यांनी माझ्या एकटीकडेच बघितलं. "मान्य असेल तर हात वर करा. एकीचाही खाली राहिला तर नवीन फरशी."

माझा सोडून सगळे हात वर गेले. ती पोरगी भिंतीला टेकून उभी होती. तिनंही केला, तिला मत नसताना. मी बघत राहिले. हात वर केला तर फरशी राहते आणि फूल कायमचं खाली जातं. नाही केला तर दोन्ही जातं, आणि वर सगळ्या म्हणणार की म्हातारीनं शेवटपर्यंत खोड सोडली नाही. मी हात वर केला. सगळ्यात शेवटी. खांद्यापर्यंतच, पण केला.

"काकूंचा पण आला," अध्यक्षीणबाई मोठ्यानं म्हणाल्या. गरज नव्हती.

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात मी पुन्हा मंडळात गेले. माझी किल्ली काढून घेतली होती, त्यामुळं घंटी वाजवून, पाहुण्यासारखी. दिवाणखान्यातला लगदा निघाला होता. फरशी नवी दिसत नव्हती, म्हातारी पण नीट आंघोळ केलेली बाई दिसावी तशी दिसत होती. दुपारचं ऊन खिडकीतून आत आलेलं. पोरगी मधोमध पालथी पडून, बारीक ब्रशनं एका फरशीच्या कडेच्या चिरेत चुना भरत होती.

मी तिच्याजवळ गेले आणि कसंबसं खाली बसले. डागावरचं प्लास्टिक काढलेलं होतं. बराचसा हिरवा निघाला होता, पण एका जागी फिकट सावली राहिली होती ती राहिलीच. पिसाऱ्याचं टोक मात्र गेलं होतं, आणि तिथं तळहाताएवढी जागा उघडी होती. एका पाकळीचं टोक. आजूबाजूच्या घासून पांढरट झालेल्या फरश्यांहून ते किती तरी गडद पिवळं होतं. माझ्या रंगाखाली कुणाचा पाय, कुणाचा पोछा त्याला लागलाच नव्हता. टोकापासून आत एक बारीक काळी रेष निघाली होती. पानाची शीर असावी तशी. पाकळीला शीर होती! मला हे अजिबात आठवत नव्हतं. ती रेष सरळ पिसाऱ्याखाली शिरत होती आणि पुढं तिचं काय होतं, ती मधे कशाला जाऊन मिळते, ते मोरालाच माहीत.

मी किती वेळ त्या रेषेकडे बघत होते कोण जाणे. मग दाराकडे बघितलं. कुणी नव्हतं. मी हळूच म्हटलं, "बाळा, एवढी एक पाकळी पुरी कर ना. फक्त एक. तू तर नीट काढशील, मला येत नाही. पिसारा मोठा आहे, टोक थोडं आणखी कमी झालं तर कोणाला कळतंय? मी कुणाला सांगणार नाही. मला नुसतं बघायचंय."

तिचा ब्रश थांबला. तिनं त्या रेषेकडे बघितलं. माझ्यापेक्षा जास्त वेळ बघितलं. तिलाही ती पुढं कुठं जाते ते बघायचं होतं, हे मला तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं. मला वाटलं, आता ही हो म्हणणार.

मग तिनं ब्रश पुन्हा चुन्यात बुडवला आणि वर न बघता म्हणाली, "आजी, उरलंय ते टिकवायचं माझं काम आहे. तुमची लाज पुसून द्यायचं नाही. आता जरा सरका, उजेड अडवलाय तुम्ही."